उंबऱ्याखालची रेषा

लेव्हलमामा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे, पण लगेच प्यायचे नाहीत. ग्लास टेबलावर ठेवायचा, मान वाकवायची आणि एक डोळा मिटून पाण्याची कड बघायची. मग निकाल लागायचा, "वहिनी, तुमचं घर बाल्कनीकडे उतरतं." शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगमधला एकही फ्लॅट या परीक्षेत पास झाला नाही. बिल्डर तर त्यांना लांबून पाहिलं तरी वाट बदलायचा.

मामा सरकारी सर्व्हेअर होते. कुठली जमीन किती उंचावर आहे हे मोजण्यात त्यांचा जन्म गेला. "आधी बॅकसाइट, मग फोरसाइट," असं ते येताजाता म्हणायचे. म्हणजे जिची उंची ठाऊक आहे अशा मागच्या खुणेवर आधी दुर्बीण लावायची, पुढचं नंतर. मी नोकरी बदलायची म्हटली तेव्हा त्यांनी तासभर माझीच बॅकसाइट घेतली. आधीची का सोडली, त्याच्या आधीची का सोडली. मी वैतागलो, पण नोकरी सोडली नाही हेही खरं.

काम झालं की मोजत मोजत पुन्हा पहिल्या खुणेवर यायचं, हा त्यांचा दुसरा नियम. आकडा जुळला नाही तर वाटेत कुठेतरी चूक झालेली असते. ती शोधायला मामा भर उन्हात आनंदाने परत निघत.

मग डोंगराकडच्या धरणाची उंची वाढवायचं ठरलं. नवं पाणी कुठवर चढेल ती बुडीत रेषा आखून दगड लावायचं काम मामांकडे आलं, आणि रेषा नेमकी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या पाड्यावरून गेली. भातखाचरं, विहीर, बदलापूरला उतरणारी वाट, सगळं रेषेच्या आत. ताईचं घर मात्र हातभर वर राहिलं. ज्यांची घरं बुडणार त्यांना दुसरीकडे घर मिळणार होतं. यादीत ताईच्या घरापुढे मामांना लिहावं लागलं, 'अबाधित'.

"दगड हातभर वर सरकव रं बाला," ताई त्यांना म्हणाली. "तुजा काय जानार हाय?"

मामांनी पुन्हा दुर्बिणीची तिपाई लावली. पहिल्या खुणेपासून ताईच्या उंबऱ्यापर्यंत आणि परत. मग आणखी एकदा. पुढे कधीतरी गच्चीवर उन्हात बसलेले असताना ते मला म्हणाले, "चूक निघावी म्हणून मोजत होतो रे. नाही निघाली."

दगड होता तिथेच राहिला. मला याचा राग आला होता आणि अजून येतो. एवढ्या मोठ्या धरणाला एका म्हातारीचं घर जड झालं नसतं.

पाणी चढलं आणि मामांच्या दगडापाशी येऊन थांबलं. घरात थेंब शिरला नाही. पुढच्या पावसाळ्यात ताईला साप चावला. वाट पाण्याखाली होती, म्हणून पाड्यातल्या उरल्यासुरल्या माणसांनी तिला झोळीत घातलं आणि डोंगराला वळसा घालून जंगलातून आणलं. दवाखाना येईपर्यंत ती गेली होती.

ताईचं दिवसकार्य उरकल्यावर मामांनी फ्लॅटला कुलूप लावलं आणि ते तिच्या घरात राहायला गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरून वाट उघडी पडली तेव्हा मी त्यांना आणायला गेलो. पावसाआधी परत चला म्हणून हातापाया पडलो. त्यांनी मला पाणी दिलं. ग्लासाकडे बघितलंसुद्धा नाही.

"इथे माणूस राहू शकतो असं मीच लिहून दिलंय ना?" ते म्हणाले. "मग मला राहायला काय झालं?"

मी एकटाच उतरलो.

पावसात वाट बुडाली. श्रावणात मामा तापाने फणफणले आणि पाड्यातल्या लोकांनी त्यांनाही झोळीत घालून त्याच वळशाने खाली आणलं. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. मामा वाटेतच गेले होते. कुठे, ते झोळी खांद्यावर असलेल्यांपैकी कुणालाच नक्की सांगता आलं नाही.