सम्राज्ञी कापडावर उतरवताना

मार्शाने नमुन्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही कोण?"

"तुमची सम्राज्ञी," मी म्हणाले.

"छान आहे. पण ही ती नाही."

आमचं युनिट बिबवेवाडीत होतं, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं. परदेशी मशीन आणणं सोपं झालं, तेव्हा आमचे मालक देवधर यांनी एक जपानी मशीन घेतलं. नव्या आयटी कंपन्यांना टी-शर्टवर, टोप्यांवर लोगो हवे असायचे. मी डिजिटायझर. म्हणजे चित्र बघून कॉम्प्युटरवर ठरवायचं, कुठला टाका कुठून कुठे जाईल आणि कुठल्या रंगाचा. मशीन तेवढंच करतं. स्वतःची अक्कल चालवत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मार्शा त्रिनिदादची. पुण्यात शिकायला आलेली, रास्ताफारी पंथाची. जटांवर कायम उंच फडकं बांधलेलं. हा पंथ इथिओपियाच्या शेवटच्या सम्राटाला देव मानतो, आणि त्याची पत्नी पंथातल्या बायकांना आईच्या जागी. त्या सम्राज्ञीच्या वाढदिवसाला कॅम्पातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. इथे शिकणाऱ्या इथिओपियन मुलीही येणार होत्या. त्यासाठी हिरव्या मखमलीवर तिचा चेहरा भरून हवा होता.

देवधर केबिनमधून बाहेर आले. चेहरा उजळ घ्यायला त्यांनीच सांगितलं होतं. लक्ष्मीच्या चित्राला वापरायचो तोच पीच दोरा.

"मॅडम, उठून दिसावं म्हणून केलंय," ते म्हणाले.

"शाळेच्या नाटकात मला पावडर फासली होती," मार्शा शांतपणे म्हणाली. "उठून दिसावं म्हणूनच. घरी आजीने माझा चेहरा धुतला आणि हिचा फोटो दाखवला. म्हणाली, राणी अशी असते. हिने मुलींसाठी शाळा काढली."

देवधरांनी नमुना उचलून बाजूला ठेवला.

"मुलींची शाळा काढली म्हणजे पुण्यात तिला परकी म्हणता येणार नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण टोप्या उद्या जायच्यात. मशीन उद्या दुपारपर्यंतच मिळेल. जमेल का?"

"जमवते," मी म्हणाले. जमेल की नाही, माहीत नव्हतं.

मी बोहरी आळीत दोरे बघायला गेले. गुलाबी दोऱ्यांचे ट्रेच्या ट्रे, तपकिरी त्यातल्या त्यात एकच बरा. तो आणला, सकाळी भरून बघितला. चेहरा कुठला, मखमलीला लावलेलं ठिगळ. गाल नाही, कपाळ नाही. उजेडासाठी पांढरा दोरा मिसळला, तर बाईंना कोड आल्यासारखं दिसलं.

वैतागून फ्रेम काढली, कापड ताणून धरणारी ती चौकट, आणि टेबलावर आडवी टाकली. तर काय, खिडकीच्या उजेडात एक गाल चमकला. दोरा तोच, रंग तोच. रेयॉनचा दोरा रेशमासारखा असतो. टाका उभा असला की एक चमक, आडवा असला की दुसरी.

मग कॉम्प्युटरवर बसले. कपाळाचे टाके आडवे, गालांचे तिरके, हनुवटीचे गोलाईने. रंग एकच. मशीन सुरू केलं तेव्हा टोप्यांचा माणूस दारात येऊन बसला होता. देवधरांनी त्याला चहा पाजला, तो संपल्यावर आणखी एक पाजला.

दुपारी मार्शा आली. कापड दोन्ही हातांत धरून खिडकीशी गेली. मग मुकुटाला नाही, गालाला हात लावला. तिचे डोळे भरले होते. माझेही, पण मी दोरे आवरायला लागले.

कार्यक्रमाला देवधर आणि मी, दोघंही गेलो. कापड आत आलं तशा सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. देवधरही उभे राहिले, आणि सगळ्या बसल्या तरी उभेच होते. मला बाही ओढून त्यांना बसवावं लागलं.

पुढे असे चेहरे भरण्याची कामं वाढली. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ आईचा स्टुडिओतला जुना फोटो घेऊन आले. बाई अगदी गोऱ्यापान.

"होत्या का हो अशा?" मी विचारलं.

ते फोटोकडे बघत राहिले. "नाही. चांगली सावळी होती."

तेव्हापासून मी कॉम्प्युटर चालू करण्याआधी विचारते, रंग फोटोतला हवा की माणसाचा? उत्तर द्यायला लोकांना वेळ लागतो. तेवढ्यात दोरा ओवून होतो.