दादांसाठी पेरूचा सॉस

मंगळवारी सकाळी आई गेली. ती भाकरी थापत होती. दादा ओसरीत खाटेवर बसले होते. त्यांनी दोनदा हाक मारली, मग ते उठून आत गेले. तवा चुलीवर होता. दुपारी मी भूमहून पोचलो तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं.

दादा म्हणजे माझे वडील. ढोकीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांची उभी हयात गेली. मी भूमला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे एकेक करून गेले आणि घरात आम्ही दोघं उरलो. दोघंही कमी बोलणारे. आमच्यातलं बोलणं इतकी वर्षं आईच करत होती, हे तेव्हा लक्षात आलं.

सुरुवातीला दादा जेवत होते, आणि ते सॉसमुळे. बचत गटातल्या बायकांना धाराशिवला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथं आई पेरूचा सॉस शिकून आली होती. पिकलेले पेरू आणि पपई, लाल मिरची, लसूण, आलं, मीठ, गूळ, शेवटी लिंबू. सगळं शिजवून पुरणयंत्रातून काढायचं, बिया वर राहतात. मग तो गर मंद आचेवर इतका आटवायचा की ताटलीत थेंब टाकला तर पसरू नये. पहिल्यांदा केला तेव्हा दादांनी बाटली उजेडात धरली आणि तीन दिवस जाऊन पातळ ठेचा शिकून आलीस, असं म्हणाले. मग त्या बाटलीमुळं त्यांनी आठवडाभर दुसरी भाजी मागितली नाही. पुढं वर्षभरात त्यांना शुगर निघाली. चहातली साखर त्यांनी सोडली, सॉसमधला गूळ सोडायला तयार होईनात. त्यावरून दोघांचं बरेच दिवस वाजलं. शेवटी आईनं हार मानली. सुट्टीत घरी आलो की मी पाहायचो, आई ओसरीच्या उंबऱ्याशी बसून, दादांच्या देखत, बत्त्यानं गूळ फोडायची आणि वाटी भरून आत न्यायची.

ती गेली तेव्हा फळीवर एक बाटली होती, अर्ध्याहून कमी. दादा भाकरीच्या प्रत्येक घासाला बोटभर घेत. मी बाटलीकडं बघत जेवायचो. अकराव्या दिवशी ती संपली. बाराव्या दिवशी मी बाटलीत चमचाभर गरम पाणी घालून हलवलं आणि ते ताटात ओतलं. दादांनी ते भाकरीनं पुसून खाल्लं.

तेराव्या दिवसापासून त्यांनी जेवण टाकलं. चिडून नाही. ताटावर बसत, एक तुकडा मोडत, तो चघळत राहत आणि हात धुवायला उठत. मी खिचडी केली, शेवया केल्या, धिरडी केली. एकदा न्हाणीच्या दारात चक्कर येऊन ते भिंतीला टेकले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आजार काही नाही, पण या वयात पोटात अन्न नसताना शुगरची गोळी देता येणार नाही. गोळी बंद केली. मला बाजूला घेऊन म्हणाले, पथ्य राहू द्या, काय मागतील ते द्या, फक्त खाऊ द्या.

त्यांनी काही मागितलं नव्हतं. पण काय द्यायचं ते मला ठाऊक होतं.

प्रशिक्षणाची वही आईनं जपून ठेवली होती. तिच्या अक्षरात सगळं होतं: पेरू एक किलो, पपई अर्धी, मिरची बारा, गूळ एक वाटी. मी जन्मभर कागदावर लिहिलेलं खरं मानत आलोय. बाजारातून चांगले पेरू निवडून आणले, वहीपुढं तराजू ठेवला. मिरच्यांच्या बिया काढताना डोळ्याला हात लागला, अर्धा तास मोरीत डोळे धूत बसलो. गूळ मोजून घातला. थेंब पसरेना तेव्हा उतरवला.

दादांनी जिभेला लावला.

"ह्यो न्हाय त्यो," ते म्हणाले.

मी विचारलं, काय कमी आहे. त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा मी मिरची वाढवली. तिसऱ्यांदा गूळ दीड वाटी केला. प्रत्येक वेळी ते तेवढंच म्हणत आणि ताट सरकवत. त्या आठवड्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत वर जायला लागलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून तिन्ही बाटल्या चाखत होतो, आणि मला तिची चव आठवेना. जिभेवर येते असं वाटायचं आणि नुसता गूळ लागायचा.

शेजारच्या मावशी आईबरोबर त्याच गटात होत्या. बाटली घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. त्यांनी तळहातावर थेंब घेतला, चाटला आणि डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या.

"ह्यात गूळ टाकलास व्हय रे?"

वहीत तसं लिहिलंय, मी म्हणालो.

"वहीत लिव्हलंय. तुझी आई फोडायची, टाकत नव्हती. फोडलेला गूळ आधी डब्यात ठिवायची, मागनं पदराखाली घालून माझ्याकडं आणून द्यायची. इतक्या वर्षांत मी घरात गूळ इकत आणला न्हाई बघ." मग हसणं थांबवून त्यांनी सांगितलं की आई पपई पार मऊ पडेपर्यंत ठेवायची, सालीवर काळे डाग आले की मगच घ्यायची. पेरूही तसेच, कुणी उचलणार नाही असे. गोडी तिथून यायची. दादांना कळू द्यायचं नाही, एवढंच तिनं मावशींना बजावलं होतं.

मी चार दिवस पपई पिकू दिली. त्या चार दिवसांत दादांच्या पोटात ताकाशिवाय काही गेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सगळं चुलीवर चढवलं आणि मी गुळाची ढेप घेऊन उंबऱ्याशी बसलो. मला स्वतःची लाज वाटत होती, पण बसलो. बत्ता घातला. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. दादा डोळे मिटून पडले होते. मी वाटी भरून आत गेलो, गूळ डब्यात परत ओतला.

"फोडू नगं उगं," ते बाहेरून म्हणाले. "टाकणार न्हाईस, तर फोडतूस कशाला?"

मी बाहेर आलो. तुम्हाला ठाऊक होतं, असं विचारलं.

"डब्याचं झाकण वाजायचं. भांड्यात पडल्याचं वाजायचं न्हाई." त्यांनी कूस बदलली. "मी काट्यावर बसलेला माणूस. भरल्याली गाडी कोणती, रिकामी कोणती, ते बघाया लागत न्हाई मला."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

"फसवलं म्हणून ती दिवसभर खुशीत असायची. मुद्दाम इचारायची मला, गूळ जास्त झाला का म्हणून. मी म्हणायचो, झाला जरा."

सॉस तयार झाल्यावर मी गरम भाकरी घेऊन त्यांच्याजवळ बसलो. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"ह्योच हाय," ते म्हणाले. आणि ताट माझ्याकडं सरकवलं. "आता नगं. तिची चव लागली, बास."

मी आवाज चढवून बोलणारा माणूस नाही. पण त्या दिवशी मी घास केला, सॉसमध्ये बुडवला आणि डाव्या हातानं त्यांची हनुवटी धरून तो त्यांच्या ओठांवर दाबला. खा म्हणालो. पुन्हा म्हणालो. माझ्यासाठी खा, असंही म्हणालो. असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी ओठ उघडले नाहीत. विरोधही केला नाही, माझा हात बाजूला सारायची ताकद त्यांच्यात नव्हती. सॉस ओठांच्या कडेनं पांढऱ्या दाढीत उतरला. मिरचीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मी हात काढला, पंचा ओला करून त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मी बिनपगारी रजा वाढवून घेतली आहे. दादा अजून आहेत. त्या दिवसापासून सकाळी अर्धी वाटी ज्वारीची पेज घेतात, संध्याकाळी अर्धी वाटी दूध. मी चमचा पुढं करतो, ते तोंड उघडतात. चव कशी ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही.