फाटकापर्यंतचा काळा रस्ता

डांबरकाकांनी काकूंच्या चाकाच्या खुर्चीला कधी मागून हात लावला नाही. आमच्या लेआउटमध्ये नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यातच ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपायची. संध्याकाळ झाली की काकू व्हरांड्यातून निघायच्या, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत फाटकाकडे जायच्या, आणि हा उंच, सुकलेला म्हातारा दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांच्यामागून चालायचा. लग्न होऊन मी रायपूरकडच्या या कुरुदला त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा मलाही वाटलं, काय दगडाचा माणूस आहे! एकदा न राहवून मी धावत गेले आणि खुर्ची ढकलायला लागले. मागून आवाज आला, "सूनबाई, सोड ते. तिले हात आहेत ना?"

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी इथल्या स्टील प्लांटात क्लार्क म्हणून झाली. निवृत्तीच्या थोडं आधी काकू न्हाणीघरात घसरून पडल्या आणि कमरेखालची ताकद गेली ती परत आली नाही. त्यात प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली. कुरुदला घेऊन ठेवलेल्या अरुंद, लांबलचक प्लॉटवर काकांनी घर बांधलं ते अगदी मागच्या टोकाला. पुढची जागा मुलासाठी राखून ठेवली होती. मुलगा पुण्याला गेला आणि तिथलाच झाला. मग पुढे उरली ती नुसती मोकळी जागा. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला फाटक. आणि भाजीवाली, बांगड्यावाला, शाळेतून सुटलेली पोरं, बायकांच्या गप्पा, सगळं फाटकाशी.

तिथपर्यंत काकूंना जाता यावं म्हणून काकांनी आधी सिमेंट घातलं. पण आमच्याकडची कन्हार माती, काळी आणि लहरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. पहिल्याच उन्हाळ्यात सिमेंटला तडे गेले. मग फरश्या बसवल्या. प्रत्येक सांध्यावर खुर्ची टक् करायची आणि काकूंच्या पाठीत कळ जायची. त्या बोलायच्या नाहीत, पण फाटकावर येणं कमी झालं. मग काकांनी एक दिवस जवळच काम करणाऱ्या रस्त्याच्या गँगला घरी चहाला बोलावलं आणि फरश्या उखडून व्हरांड्यापासून फाटकापर्यंत डांबर टाकून घेतलं. बाहेर सगळीकडे मुरूम आणि खड्डे, आणि यांच्या आवारात हायवे! त्या दिवसापासून ते डांबरकाका झाले. त्यांना हे नाव आवडायचं. कुणी पत्ता विचारला तर स्वतःच सांगायचे, "डांबरकाकाचं घर विचारा, कोणीही आणून सोडते."

आता क्लार्क माणसाला डांबरातलं काय कळणार? पहिल्याच वर्षी त्यांनी घोळ घातला, आणि तो ते स्वतःच मिटक्या मारत सांगायचे. पावसाळ्यानंतर रस्ता पांढुरका दिसायला लागला म्हणून सुपेल्याच्या एका गॅरेजमधून गाड्यांचं जळकं ऑइल आणलं आणि चिंध्यांच्या पोचाऱ्यानं सगळीकडे फासलं. रस्ता असा चकाकला की लेआउट बघायला आलं. पण तेल डांबराला आतून पातळ करतं. उन्हाळा लागला आणि एका दुपारी काकूंची खुर्ची अर्ध्या वाटेवर रुतून बसली. चाकं गोल फिरेनात आणि काकू वर बघून ओरडतायत, "अहो, तुमच्या हायवेनं मले गिळलं!" त्या दिवशी मात्र काकांनी खुर्ची उचलली, काकूंसकट. ते मोजायचं नाही, असं ते म्हणायचे. त्याला ते अपघात म्हणायचे.

पुढचा महिनाभर ते साबणाची पावडर आणि ब्रश घेऊन रस्त्यावर उकिडवे बसून होते. त्यानंतर त्यांनी त्या गँगच्या मुकादमाला गाठून सगळं नीट विचारून घेतलं. तेव्हापासून दर वर्षी दिवाळी संपली की डांबरकाकांचा कोट निघायचा. नवीन माणसाला वाटायचं, थंडीचा कोट. हा कोट रस्त्याचा. पाऊस गेलेला असायचा, उन्हात अजून धग असायची. तेवढ्या दिवसांत भेगांमधलं गवत उपटायचं, भेगा भरायच्या, स्कूटरच्या तेलाचा एकेक डाग घासून काढायचा, सगळं धुऊन वाळवायचं आणि मग हथखोजहून आणलेलं सीलकोटचं पिंप उघडायचं. पाण्यात कालवलेलं डांबर ते, थंडच वापरायचं. ओतताना चॉकलेटी दिसतं आणि वाळलं की काळंभोर होतं. रबरी वायपरनं ते ओढताना काका इतके हलके हात चालवायचे की मी एकदा म्हटलं, "काका, पोळीला तूप लावताय का?" ते म्हणाले, "जाड लावलं तर पापुद्रा निघते, सूनबाई. बारीक लावा, वाळू द्या, मंग पुन्हा बारीक लावा." आमच्या घरात नवराबायकोचं वाजलं की ते हेच वाक्य कुंपणावरून सांगायचे.

कोट वाळेपर्यंत दोन दिवस त्या रस्त्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही. काकूंच्या जुन्या साड्यांच्या दोऱ्या वळून काका फाटकाला आडव्या बांधायचे आणि स्वतः खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायचे. एका वर्षी नेमका तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त आला. गुरुजी फाटकाशी उभे. काका म्हणाले, "महाराज, शेजारच्या भिंतीवरून या." गुरुजींनी माझ्यादेखत धोतर खोचलं आणि आमच्या भिंतीवर चढले, वरून काकांना काय काय बोलले ते मंत्रांपैकी नव्हतं. पोस्टमन, दूधवाला, केबलवाला, सगळे आमच्या अंगणातून जायचे. माझा नवरा म्हणायचा, आपण टोल लावला पाहिजे.

काकूंना मात्र ते दोन दिवस जेल वाटायचे. भाजीवाली फाटकातून इथल्या बोलीत हाक मारायची, "दाई, पालक लेबे का?" आणि काकू व्हरांड्यातून ओरडून भाव करायच्या. पिशवी मी भिंतीवरून पोचवायची. "दोन दिवस नाही निघाली तर काय होते?" काका विचारायचे. "तुम्ही बसून पाहा दोन दिवस," काकू म्हणायच्या. आणि तिसऱ्या सकाळी काका वाकून, तळहात टेकवून रस्ता तपासायचे, साड्या सोडायचे आणि व्हरांड्याकडे बघून नुसती मान हलवायचे. काकू निघायच्या. नव्या कोटावरून चाकांचा आवाजही यायचा नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते बघायला मी दर वर्षी काहीतरी निमित्त काढून भिंतीशी उभी राहायचे.

खुर्चीला हात का लावत नाहीत, हे मी शेवटी त्यांना विचारलंच. काका भेगेतलं गवत उपटत होते. वर न बघता म्हणाले, "मी ढकललं तर तिचं जाणं माह्या वेळेवर होते. माह्या मनात आलं तर फाटक, नाही आलं तर नाही. तिनं काहून मले विचारावं?" हातातलं गवत बाजूला टाकून म्हणाले, "मी काही कायमचा नाही, सूनबाई. रस्ता ठीक असला तर तिले कोणाचीच गरज नाही." त्यानंतर मी त्यांना दगडाचा माणूस म्हटलं नाही. मनातही नाही.

त्यांना एकाच गोष्टीची भीती होती. मुलगा स्वभावानं चांगला, आईवर जीव टाकणारा. फोनवर नेहमी म्हणायचा, पुण्याला या, नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सांभाळायला बाई ठेवू. "तो वाईट नाही," काका मला एकदा म्हणाले होते, "पण माह्या मागं तो हिले उचलून नेईन. आणि एकदा उचलून नेलं ना, की माणसाचं सामान होते."

ते गेले ते कोटाच्याच दिवसांत. सकाळी दुसरा थर ओढून झाला होता, साड्या बांधून झाल्या होत्या. जेवून जरा पडतो म्हणाले आणि उठले नाहीत. डॉक्टर आले, तेही आमच्या भिंतीवरून.

बातमी पसरली तशी माणसं जमली आणि सगळी फाटकाशी येऊन थांबली. इतक्या वर्षांची सवय! चपला हातात घेऊन, डोळे पुसत, लोक त्या साडीच्या दोरीअलीकडे उभे होते आणि आत कुणी येईना. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं रायपूरला उतरून आला. आदल्या रात्री थोडं दव पडलं होतं, कोट अजून चिकट होता. कुणीतरी हळूच म्हणालं, शेजारून, भिंतीवरून नेता येईल. व्हरांड्यातून काकूंचा आवाज आला, "भिंतीवरून काहून? त्यायनं रस्ता बनवला ना? सोडा ती दोरी. पुढूनच जातीन ते."

दोरी मी सोडली. माणसं ओल्या डांबरावरून आत आली, आणि काकांना खांद्यावर घेऊन त्याच डांबरावरून निघाली. काकूंनी त्यांच्यामागून खुर्ची काढली. मुलगा धावत मागे आला आणि त्यानं खुर्चीच्या मुठी धरल्या. काकूंनी मागे न वळता त्याचे हात काढले. चाकं चिकटत होती, सुटताना चर्र आवाज करत होती, काकूंच्या हातांना काळं लागत होतं. फाटकापर्यंत त्या एकट्या गेल्या. मी इतकी रडले की माझ्या सासूबाईंनी मला धरलं.

तेरवी झाली आणि मुलानं बॅगा काढल्या. आई, आता इथे कशासाठी, असं तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. संध्याकाळ झाली तशा काकू म्हणाल्या, "चाल माह्यासंग फाटकापर्यंत. हात मागं बांध." तो हात मागे बांधून चालला. मी भिंतीपलीकडून बघत होते, आणि एक क्षण मला काकाच दिसले. फाटकाशी भाजीवाली बसली होती, बायका होत्या. काकूंनी मेथीचा भाव केला, कुणाच्या तरी सुनेची चौकशी केली, एका पोराला दप्तर खाली लोळवतो म्हणून दम भरला. चांगला तासभर त्या तिथे होत्या. मुलगा सगळा वेळ फाटकाला टेकून उभा होता. मग त्यांनी स्वतःच खुर्ची वळवली आणि विचारलं, "नवव्या माळ्यावरून असं कुठं जाईन मी, बाबू?"

रात्री मुलानं बॅगेतली आईची लुगडी परत कपाटात ठेवली. शेजारच्या पोरीला दिवसभराच्या सोबतीला ठरवून तो एकटाच पुण्याला गेला.

वर्षभर रस्त्यावर ते सगळे पाय दिसत होते. जिथे जिथे पाऊल पडलं तिथला कोट निघून फिकट ठसा उरला होता, आणि मधून दोन चाकांच्या रेषा, फाटकापर्यंत. मी जाता येता ते बघायचे. दिवाळीला मुलगा आला, हथखोजहून पिंप घेऊन. बापासारखाच उकिडवा बसून भेगांतलं गवत काढू लागला. मी वायपर धुऊन आणला आणि माझं मन होईना. म्हटलं, "काकू, एवढा मधला पट्टा तसाच ठेवायचा का? त्यांची आठवण म्हणून?"

काकू माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"पागल झाली का व? ते असते तर तुले भिंतीवरून फेकलं असतं. घाल कोट. आणि बारीक घाल. मले भाजी घ्याले जायचं असते."

मुलानं आणि मी मिळून कोट ओढला. एकेक पाऊल चॉकलेटी होत गेलं, मग काळं. मुलानं साड्या बांधल्या आणि खुर्ची टाकून फाटकाशी बसला. थोड्या वेळानं भाजीवाली आली, दोरी बघून थांबली. व्हरांड्यातून काकूंनी हाक मारली, "परसों आती मैं फाटकपे! मेरा पालक रख के रखना!"