माणसं मोजणारी बाई

माणसं मोजायले आलेली मास्तरीण आमच्या केळापूरच्या घरात न विकलेल्या कापसाच्या ढिगाले टेकून बसली. लिहिताना तिचे ओठ हलत. बायको तिले म्हणाली, "या बुढ्याचं वय वाढवून लिहा बाई, सोताले अजून जवान समजते!"

मार्चात ती फेरतपासणीले आली. मी म्हणालो, "बायको मेली. खोडा तिचं नाव."

"कधी गेल्या, बाबा?"

"एक तारखेले, सकाळी."

तिनं पेनाले टोपण लावलं. "मोजणी फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्रीची धरतात. तेव्हा त्या होत्या. नाव राहील."

मी तिच्यासमोरच रडलो. ती पुन्हा भेटली नाही. पुढची मोजणी दहा वर्षांनी होती. तोवर सरकारच्या कागदावर आम्ही दोघं राह्यलो. घरात मी एकटाच होतो.