हेल्मेटातली सीताफळे

निवृत्तीनंतर लिहिण्याचे हे धाडस करतो आहे, वाचकांनी क्षमा करावी. आज घरात पिकलेल्या सीताफळांचा वास दरवळला आणि कित्येक वर्षांपूर्वीची भाऊबीज आठवली.

यवतमाळच्या आमच्या अंगणात धाकटा मेहुणा बोरी अरबला परतण्यासाठी मोटारसायकलवर बसला होता. पिशवीत जागा उरली नव्हती, म्हणून मी झाडाची सीताफळे त्याच्या हेल्मेटात भरली आणि ते हँडलला अडकवले.

"भाऊजी, मंग डोक्यावर काय घालू?"

"तुह्या डोक्यात काय आहे फुटाले?" मी म्हणालो. माझ्या विनोदाला सहसा कोणी हसत नाही. तो मनापासून हसला. पत्नी तेव्हा आत फराळाचा डबा भरत होती.

सणाच्या गर्दीत एका जीपने त्याला उडवले. रस्त्यावर विखुरलेल्या फळांतली चांगली बघ्यांनी वेचून नेली, असे नंतर कळले.

तो वाचला, डोक्याला मार लागून त्याची त्या दिवसाची आठवण मात्र पुसली गेली. दर भाऊबीजेला ओवाळताना पत्नी म्हणते, "हेल्मेट घालाचा कंटाळा केला, भोग आता."

"चूक माहीच, ताई," तो अडखळत म्हणतो. मी शेजारी उभा राहून मान डोलावतो.

आज तो येतो आहे. मी त्याला खरे सांगावे का?