भुऱ्याचा कडू घास

भुऱ्या गेला त्या दिवशी मी देवाशी बोलणं बंद केलं. खोटं कशाला सांगू, बायको गेली तेव्हाही मी एवढा रागावलो नव्हतो. पण या मुक्या जिवानं देवाचं काय वाईट केलं होतं? ढोरांच्या डॉक्टरनं आदल्या संध्याकाळी सुई दिली, म्हणाला, म्हातारा झाला आता, त्याला त्रास देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत माझ्या पायावर मान टाकून पडला होता, तो तसाच थंड झाला. शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या पळसाखाली खड्डा केला, त्याला मातीत ठेवलं, वरून मीठ टाकलं आणि घरी येऊन बसलो.

लोक म्हणतील, कुत्रं ते कुत्रं. पण भुऱ्याला माझ्या बायकोनं वाढवलं होतं. पिल्लू होता तेव्हा दुधात बोट बुडवून चाटवायची. ती गेली, मुलगा नोकरीला पुण्याला, घरात मी आणि तो. संध्याकाळी मी मुद्दाम तिचं नाव घ्यायचो. नाव ऐकलं की तो उठून दाराकडे पाहायचा. तिची वाट पाहणारे आम्ही दोघं होतो. आता या घरात तिला ओळखणारा मी एकटाच उरलो.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी पिठलं-भाकर करून आणतात, बळेच घास भरवतात. त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. तो खाल्ला की मग घर पुन्हा चुलीला लागतं. बायको गेली तेव्हा एवढ्या घरून टोपल्या आल्या की ठेवायला जागा नव्हती. भुऱ्यासाठी कोण आणणार? पण मीही चूल पेटवली नाही. घरातलं गेलं होतं, पेटवणार कशी?

शेजारचा शंकर आला. म्हणाला, "काय बुढ्या, कुत्र्याचं सुतक पाळून राह्यला का?"

"पाळून राह्यलो. तुले काय त्रास?"

"मंग तेरवीले पंगतही बसव. मी येतो पोया खाले."

हसला, मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "बरं चाल, माह्या घरी दोन घास खा." मी गेलो नाही. मनानं वाईट नाही तो. पण तो मला जेवायला बोलावत होता, मयताचा घास घेऊन आला नव्हता. यातला फरक मला कळत होता. मुलाचा फोन आला, "बाबा, दुसरं पिल्लू आणून देतो." मी फोन ठेवून दिला.

पाण्यावर दिवस काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं गरगरत होतं, तसाच पारावरच्या मारोतीसमोर जाऊन उभा राहिलो. तेल नेलं नाही, हातही जोडले नाहीत. म्हटलं, दर शनिवारी तो माझ्यासोबत तुझ्या पायरीला येऊन बसायचा. तो माझा कोणी होता की नव्हता, एवढं सांग. होता, तर त्याचा घास कोणाच्या तरी हाती पाठव. नाही पाठवला, तर माझी चूल पेटणार नाही आणि तुझ्या दारात मी येणार नाही. असं धमकावून घरी आलो.

दुपारी फाटकाशी एक म्हातारी बाई उभी राहिली. नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. हातात काठी, काखेत फडक्याची गाठोडी.

"दादा, इथं एक कुत्रा राहते का? भुरा. डाव्या कानाची पाळी फाटलेली."

"तुले कायले पाह्यजे?" मी वसकलो.

"रोज दुपारी माह्या दारात येत होता. काल नाही आला, आजही नाही. पुसत पुसत आली मी. आम्ही त्याले पाव्हणाच म्हणतो. जेवाच्या टायमाले बरोबर हजर."

दुपारी भुऱ्या दिसेनासा व्हायचा, मला वाटायचं नाल्याच्या सावलीत पडत असेल. माझ्याकडे पोटभर खाऊन तो तिकडे जेवायला जायचा, लबाड.

"मालक गेले तवापासून माह्यासंगं जेवाले दुसरं कोण आहे?" ती म्हणाली.

मी सांगितलं, गेला तो. ती ओसरीच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तांड्यावरच्या बाया मयतावर सुरात रडतात, तशी, तिच्या बोलीत. शब्द कळत नव्हते, पण ती त्याचंच सांगत होती. तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तिच्यासमोर आलं.

मग डोळे पुसून तिनं आत थंड चुलीकडे पाहिलं. गाठोडी सोडली. ज्वारीची भाकर होती.

"त्याच्यासाठी आणलती. आता तू खा."

"कुत्र्याची भाकर मी खाऊ?"

"पाव्हण्याची हाये. खाय मुकाट्यानं. घरातलं गेलं म्हून आपण उपाशी मरा का?"

तुकडा मोडून तिनं माझ्या तोंडात घातला, दुसरा आपण खाल्ला. तो घास मी गिळला. ती गेल्यावर मी चूल पेटवली.

मारोतीपुढे काय बोललो ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. देवानं माझी अट ऐकली असं काही मी म्हणत नाही. ती बाई तर आदल्या दिवसापासून भाकर ठेवून वाट पाहत होती. मी धमकी द्यायच्या आधीपासून कोणीतरी माझ्यासारखंच बसलं होतं, आणि मी माझा माझा करत छाती बडवत होतो. तो माझा एकट्याचा कधी नव्हता. बायकोही माझी एकट्याची नसेल, तिचीही वाट आणखी कोणी पाहत असेल. जे काही दिलं ते देवानं दिलं, कुठं कुठं वाटलं ते त्यालाच ठाऊक.

आता शनिवारी मी मारोतीला अट घालत नाही. तेल घालतो, हात जोडतो आणि म्हणतो, पाठवशील ते पाठव, ज्याच्या हातून पाठवायचं त्याच्या हातून पाठव. ते मला ओळखता यावं, आणि घ्यायची लाज वाटू नये.