तांबोशीचं डोकं

अशा गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. इथल्याच काही अनुभवांखाली "रात्री हलकं जेवत जा" अशा कमेंटही टाकल्यात. तेव्हा आज कोणी मला हसलं तर खुशाल हसा... मी लिहिणारच.

आम्ही रत्नागिरीचे, मिरकरवाड्यातले. बाबांची होडी होती. घरात तांबोशी मासळी शिजली की तिचं डोकं बाबा स्वतःच्या हाताने वाढायचे, आणि ते कायम बाळादादाच्या ताटात पडायचं. पुढे होडी तो चालवणार, म्हणून मान त्याचा! त्याला ते आवडायचंही नाही. माशाचे डोळे बघून तोंड वाकडं करायचा. डोकं चोखून खाणारी घरात मी एकटी, पण माझ्या वाट्याला शेपटीकडचा तुकडा. होडी काही दादाने चालवली नाही. मुंबईला नोकरीला गेला आणि तिथलाच झाला.

बाबांना लकवा मारला तेव्हापासून ते जाईपर्यंत त्यांचं सगळं मी केलं. मी शाळेत नोकरी करते, लग्न केलेलं नाही. "तुला काय, तू मोकळीच" असं सगळे म्हणायचे. बाबांना हाक मारण्याइतका आवाज राहिला नव्हता. काही हवं असलं की बोटातली अंगठी खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटायचे — टक टक. मी हातातलं टाकून धावायची. मला बघितलं की ते माझ्या मागे दाराकडे बघायचे आणि जड जिभेने विचारायचे, "बाळा आला?"

रोज हेच. बाळा आला तो थेट त्यांना पोचवायला.

आमच्या घरी वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी मासळी शिजवतात. पहिलं पान गेलेल्या माणसाच्या नावाने बाहेर ठेवायचं, मग आपण जेवायचं. बाबांच्या वेळी दादा म्हणाला, "घरात कशाला राबताय? मी चायनीजमध्ये टेबल बुक केलंय. मस्त बँक्वेट आहे, सूपपासून आइस्क्रीमपर्यंत."

आई म्हणाली, "आनी त्यांचा पान रे?"

"आई, हॉटेलात कसलं पान घेऊन बसलीस!"

माझं डोकं तापलं, पण वर्षाच्या दिवसांत भांडण नको म्हणून त्यांच्याबरोबर निघाले.

हॉटेल मारुती मंदिराच्या बाजूला. भर दुपार, पण आत एसी आणि लाल कंदिलांचा मिणमिणता उजेड. गोल टेबल, त्यावर फिरणारी काच. दादा, वहिनी, आई आणि मी. पाचव्या खुर्चीवर वहिनीची पर्स. सूप झालं, मंचुरियन झालं. दादा आईला चॉपस्टिक कशा धरायच्या ते शिकवत होता आणि आई बिचारी त्या काड्यांशी झटत होती. मग आली अख्खी तांबोशी, वर लालभडक सॉस ओतलेली. वेटरने ताट काचेवर ठेवलं तेव्हा डोकं नेमकं माझ्याकडे होतं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी चमचा पुढे केला...

टक टक.

काचेवर धातू आपटल्याचा आवाज. मी ताडकन उठून उभी राहिले. सवयच तशी लागलेली. "काय झालं हो?" वहिनी विचारतेय तोवर काच फिरायला लागली. कोणाचाही हात तिच्यावर नव्हता. सावकाश, अडत अडत फिरली आणि थांबली. डोकं दादासमोर.

"टेबल वाकडं असेल," दादा हसून म्हणाला.

मी काच धरून डोकं पुन्हा माझ्याकडे आणलं आणि हात सोडला. टक टक. काच निघाली ती परत दादासमोर जाऊन थांबली.

आईने पदर डोक्यावर घेतला. "आले गो बाय, ते आले... आपण पान ठेवला नाय ना."

पानाचं काही नव्हतं. पान हवं होतं तर काच त्या पाचव्या खुर्चीपाशी थांबली असती. मला भीती वाटली नाही. राग आला. दादाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. त्याने वेटरला बोलावलं. "हे डोकं घेऊन जा. कोणी खात नाही."

वेटर घेऊन गेला. त्यानंतर काच हलली नाही. आइस्क्रीम आलं, सगळ्यांनी खाल्लं.

दादा मुंबईला गेल्यावर एका रविवारी मी एकटीच तिथे गेले. तेच टेबल मागितलं, तीच तांबोशी मागवली. मॅनेजरला म्हटलं, काच आपोआप फिरते का हो? त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि काच गदागदा हलवून दाखवली. टेबल सरळ होतं. काच जड होती, हाताने ढकलल्याशिवाय फिरत नव्हती.

ती कशी फिरली, हे मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर सांगा. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाने मला ओलांडून पुन्हा दादाकडेच का जावं, हे कोण सांगणार?

त्या रविवारी डोकं मी मुद्दाम त्याच पाचव्या, रिकाम्या खुर्चीकडे फिरवून ठेवलं होतं. मग चमच्याने काचेवर मीच वाजवलं, टक टक. आणि बराच वेळ वाट बघितली.

कोणी आलं नाही.